अमान्य शब्द

अर्धांगवायूने वाचा गेलेले दगाजी निकम आता मेंदूतल्या चिपमधून बोलत. मनातले शब्द संगणकी निरोप होऊन कंपनीच्या सर्व्हरवर जात, तिथे तपासले जात आणि उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून उमटत. पण महिनाभर ‘पाणी’ या एकाच शब्दापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

“बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही का?” मुलगी सरलाने विचारलं.

दुरुस्तीला आलेल्या विभावरी भामरेने पाहिलं. चिप ठीक होती. निरोप सतत येत होते आणि ‘अमान्य शब्द’ म्हणून गुपचूप टाकून दिले जात होते. कुठले शब्द मान्य, हे कंपनीत ही यंत्रणा बनवताना तिनेच ठरवलं होतं. तिने ती तपासणी बंद केली.

“सरू, मी तुले हाका मारी ऱ्हायनू,” स्पीकर बोलला. “तुले ऐकू येस नही का?”

सरला रडतरडत अहिराणीतच बोलू लागली. मग एकदम संकोचली. “माफ करा मॅडम, आमची खेड्यातली भाषा. तुम्हाला कळली नसेल.”

विभावरीची मान खाली गेली. आपण कुठल्या, हे ऑफिसात कळू नये म्हणून मान्य शब्दांची यादी करताना तिने अहिराणीचं नावच काढलं नव्हतं.

“समजनी, ताई,” ती पुटपुटली. “मी धुळानीच शे. चूक मन्ही शे.”