जसाच्या तसा

"बाई, तुमी बसा ना. उभ्या काहून?"

जयवंताने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. तिचा नवरा रुपराव चक्क तिलाच बसायला सांगत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं. ती घाबरून खाटेच्या कडेला टेकली.

रुपराव कचेरीत हेडक्लार्क. साहेबापुढे लोण्यासारखे मऊ, नागपुरात सक्करदऱ्याच्या घरात मात्र सदा कपाळावर आठी. बायकोला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. 'ए' म्हटलं की भागत होतं.

आणि गेल्या महिन्यात त्यांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. सकाळचं दुपारी आठवेना. लग्न झालेलंही आठवेना. बाहेर अठ्ठ्याऐंशी साल चालू होतं आणि रुपराव पंचावन्न सालात, कुही गावातला लग्न न झालेला पोरगा होऊन बसले होते. ही पिकल्या केसांची बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण परक्या बाईशी अदबीने वागायचं असतं, एवढं ठाऊक होतं.

"पोहे झकास झाले, बाई. तुमचा मालक नशीबवान हाय."

"त्याले नाही वाटत तसं."

"मंग गधा हाय तो!"

जयवंता पदरात तोंड खुपसून हसली. मग ती रोज पोहे करू लागली. रुपरावांना कालचं आठवत नसे, त्यामुळे तारीफ रोज ताजी मिळे. मालकाला शिवीही.

विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टर पांढरीपांडेंनी रोग हुडकला. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता. रुपरावांच्या छातीत कॅन्सरची गाठ होती.

"गाठीशी लढायला शरीरानं जी प्रतिपिंडं तयार केली, तीच चुकून मेंदूच्या पेशींवर तुटून पडली आहेत. असा पेशंट आयुष्यात एकदाच मिळतो, काकू! गाठ काढली तर स्मृती परत येऊ शकते. नाही काढली, तर माणूस हातचा जाईल."

"म्हंजे पयल्यासारखे होतीन?"

"अगदी जसाच्या तसा नवरा परत देतो तुम्हाला."

जयवंताने मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, बाईला भरून आलं.

पुढे काही दिवस ती हो म्हणेना, नाही म्हणेना. मुलगा अनंत तिच्यावर खेकसायला लागला. तोही बापाचाच मुलगा. मग एका दुपारी रुपरावांना धाप लागली. तिने पाठ चोळली, पाणी पाजलं. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी हात जोडले.

"माह्यापायी तुमाले लय तरास होऊन राहिला, बाई."

त्या जोडलेल्या हातांनी सगळं ठरलं. इतक्या भल्या माणसाला मरू कसं द्यायचं? जयवंताने ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशन झालं. आठवडे गेले. एका सकाळी दवाखान्याच्या खाटेवरून रुपरावांनी बायकोकडे टक लावून पाहिलं. कपाळावर आठी चढली.

"ए! तोंड काय पाहून राहिली? चाय कोन आननार, तुहा बाप?"

"आई, बाबांनी तुले ओळखलं!" अनंतला रडू फुटलं. नर्सबाई धावत आल्या. कोणीतरी पेढे आणायला पळालं. डॉक्टर पांढरीपांडेंनी छाती फुगवून सांगितलं, "गाठीचा एक कणही मागे ठेवला नाही, काकू."

जयवंताने रुपरावांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "थोडीशी ठेवता नसती आली का जी?"