आजीची प्रार्थना

राजन मूळचा कोल्हापूरचा, नोकरीला आखातातल्या मुहर्रकच्या विमानतळावर. त्या शुक्रवारी त्याच्या ऑफिसातला पोलिश तोमाश बायकोमुलांना घेऊन घरी जेवायला आला. राजनच्या बायकोने, सुनंदाने, तांबडा रस्सा वाढला.

"थांबा, आधी आजीची प्रार्थना," तोमाश म्हणाला. "महायुद्धात रशियनांनी तिला लहानपणीच पोलंडमधून सैबेरियात हाकललं. तिथून इराण, मग भारतातली कुठलीशी निर्वासित छावणी, शेवटी इंग्लंड. छावणीत पोरांना जेवण वाढणारी बाई रोज ही प्रार्थना म्हणायची. आजी गेली, पण ती म्हटल्याशिवाय आमच्याकडे अजून कुणी घास घेत नाही. अर्थ मात्र कुणालाच माहीत नाही."

त्याच्या दोन्ही मुलांनी हात जोडले, डोळे मिटले आणि एका सुरात म्हटलं, "गिळा की मुडद्यांनो, गपगुमान!"

सुनंदा ठसका लागल्याचं सोंग करून स्वयंपाकघरात पळाली.

"तुला कळला का अर्थ?" तोमाशने मोठ्या आशेने विचारलं.

राजनने मुलांच्या अजून मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.



"कळला ना. 'लेकरांनो, पोटभर जेवा,' असं म्हणायची ती."