अठ्ठावीस फूट

“पाचपर्यंत सांग, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो,” एवढं बोलून दीपकशेठनी फोन ठेवला, आणि सर्वेशने दाभोळच्या जेटीवर तिसरी चक्कर मारली. साडेतीन वाजले होते.

चिपळूणला शेठच्या आवारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक रीफर, म्हणजे थंड पेटीची, मासळी नेणारी. दुसरी फ्लॅटबेड. तिला ना छप्पर ना भिंती, नुसता लांबलचक लोखंडी पाट; त्यावर सळ्या, मशिनं, काय वाटेल ते लादायचं. सर्वेशला हेवी लायसन मिळून जेमतेम आठ महिने झाले होते. एवढ्या नवख्या पोराला शेठनी “कुठली हवी?” असं विचारावं, हेच मोठं नवल. पण विचारल्यापासून पोराच्या पायाला भिंगरी लागली होती.

जुने ड्रायव्हर सांगत, रीफर घे, दोर नको, ताडपत्री नको, दार लावलं की सुटलास. तेच लोक चहा संपता संपता म्हणत, थंडीचं मशीन वाटेत बंद पडलं तर सगळा माल सडतो आणि बोल नव्या ड्रायव्हरला लागतो. फ्लॅटबेडला तशी घाई नसते. पण घाटात बांधलेला माल सरकला तर गाडीच आडवी. सर्वेश सगळ्यांचं ऐकून मान डोलवत होता आणि कुणालाच खरं सांगत नव्हता.

खरं एवढंच होतं की त्याला पहिल्या दिवसापासून फ्लॅटबेड हवी होती, आणि त्याच्या बापाला, भिवाला, रीफर.

भिवाची होडी दोन वर्षं वाळूत ओढून ठेवलेली होती, झावळ्यांखाली. खलाशी मिळत नव्हते, आणि एकुलत्या एका मुलाचं पोट खाडीचं तोंड ओलांडलं की ढवळायचं. सर्वेशने बापाबरोबर दोन हंगाम काढले, ते बहुतेक होडीच्या काठावरून ओकण्यात. होडीवर त्याला एकच काम नीट जमलं, गाठी मारण्याचं. त्याने बांधलेला दोर कधी सुटला नाही. “पोराचं पोट कामाचं नाय, पण हात कामाचा हाय,” असं भिवा म्हणायचा. बापाच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच कौतुक.

आता पोरगा मासळीची गाडी चालवणार म्हटल्यावर म्हाताऱ्याला पालवी फुटली. येत्या नारळी पुनवेला होडी पाण्यात घालणार, मी मासळी मारणार आणि माझा पोरगा ती मुंबईला नेणार, असं तो सगळ्या जेटीला सांगत सुटला. रीफरमध्ये कंपनीचा सीलबंद माल असतो, आपल्या दोन टोपल्या त्यात कोण घेणार, हे सर्वेशने त्याला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा भिवाला नेमकं जाळ्यातलं एखादं भोक दिसलं.

मागच्या महिन्यात हायवेवरचा एक हॉटेलवाला होडी बघायला आला होता. त्याला दारात खरी होडी हवी होती. आत टेबलं मांडायची, गिऱ्हाइकं बसतील, फोटो काढतील. त्याने टेप लावून मोजली, अठ्ठावीस फूट भरली, आणि न्यायला लांब गाडी बघतो म्हणाला. भिवाने त्याला टेपसकट हाकलला. “माझी होडी रस्त्यानं जायची नाय,” हे तो पुढे आठवडाभर येईल त्याला ऐकवत होता.

चौथी चक्कर झाली, पाचवी झाली. समोरची धोपाव्याची फेरीबोट दोनदा येऊन गेली. सर्वेशला वाटलं, घ्यावी रीफर. म्हाताऱ्याला एक हंगाम आनंदात काढू दे. मग डोळ्यांपुढे आलं की पाठीमागच्या पेटीत रोज तीच मासळी, नाकात तोच वास, आणि घरी आलं की बापाची तीच खोटी आशा. पावणेपाचला त्याने फोन लावला आणि एका दमात फ्लॅटबेड म्हणून टाकलं. शेठ म्हणाले, बरं, सोमवारी ये.

भिवा होडीच्या सावलीत बसून फळ्यांना तेल लावत होता. पाण्यात न जाणाऱ्या होडीला तो दर महिन्याला तेल लावायचा. सर्वेश समोर उभा राहिला तेव्हा त्याला खरोखर रडू येत होतं. त्याने सांगितलं. भिवाचा हात थांबला, मग पुन्हा फळीवरून फिरू लागला.

“बाबा, तिथं दोराचं काम असतं,” सर्वेश म्हणाला. “मला तेवढंच येतं. तूच शिकवलंस.”

भिवाने फडकं पुन्हा तेलात बुडवलं. गप्प उभं राहवेना म्हणून सर्वेश साखळ्यांचं, ताडपत्रीचं, घाटातल्या वळणांचं काहीबाही सांगत राहिला. भिवा उठला. होडीला हात लावून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला, आणि तिथेच थांबला.

“गाडीचा पाट किती लांब हाय रे?”

“बत्तीस फूट.”

भिवाने वरची एक झावळी ओढून खाली टाकली. मग दुसरी.

“मग मावेल. त्या हॉटेलवाल्याला कळव,” तो म्हणाला. “दोर मात्र तू बांध. ती गाठ माझ्याच्यानं बसायची नाय.”