ठिकाणाचा रकाना

हौशी रेडिओवाल्यांच्या खेळात डोंगरमाथा आपल्या नावावर लागायला तिथून रेडिओवर चौघांशी बोलावं लागतं; नेरिसला तिघेच मिळाले होते. वाऱ्यानं एरिअलची काठी वाकत होती. “आई, आजोबांना हाक मार ना,” दगडाआडून मॅबली म्हणाली. गुडघ्यांपायी बाबा यंदा पहिल्यांदाच खाली गाडीत थांबले होते, आणि सकाळपासून फुगून बसले होते. नेरिसनं बटण दाबून साद घातली. नुसती खरखर आली. तिनं पुन्हा घातली. मग आवाज आला, परक्याशी बोलावं तसा: “स्वच्छ ऐकू येतंय. आपलं नाव?” “तुम्हीच ठेवलंय, बाबा.” “नियम म्हणजे नियम. नाव सांगा.” तिनं सांगितलं. खाली उतरल्यावर मॅबलीनं आजोबांची रेडिओची नोंदवही उघडली. तीस वर्षं ‘माझं ठिकाण’ या रकान्यात वेल्सची शिखरंच होती. आजही सवयीनं शिखराचंच नाव लिहून त्यांनी ते खोडलं होतं, आणि शेजारी लिहिलं होतं: पायथा.