पदरचं वाक्य

रहमतुल्ला सर अमरावतीच्या एका कॉलेजात बावीस वर्षं भाषांतर शिकवत होते. पहिल्याच तासाला ते पोरांकडून घोकून घ्यायचे, "बोलणाऱ्याचं काही गाळायचं नाही, आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

दोन हजार सहा साली, कपाशी बुडालेल्या घरांतल्या बायांशी बोलायला एक परदेशी बाई आल्या. कॉलेजनं दुभाषी म्हणून सरांनाच सोबत धाडलं. जीप धामणगावच्या पुढं एका गावात शिरली, तसं सरांनी गाव ओळखलं. पण आता उतरून जाणार कुठं?

पहिलंच घर आमिनाबीचं होतं; तिनं दोघांपुढं पाणी ठेवलं. सरांकडे तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"नवरा गेल्यावर कोणी विचारपूस केली का?" बाईंचा प्रश्न सरांनी मराठीत सांगितला.

"अमरावतीले सख्खा भाऊ हाये. पोरीले शिकाले ठेवून घे म्हनून दोनदा त्याच्या दारात गेली मी. जागा नाही म्हने. पोरगी आता लोकायच्या वावरात निंदाले जाते."

सरांनी एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत सांगितलं.

"त्या भावाला भेटता येईल? कुठं असतो तो?" बाईंनी विचारलं. सरांनी तेही मराठीत सांगितलं.

आमिनाबीनं आता पहिल्यांदा सरांच्या डोळ्यांत पाहिलं. "सांगा बाईले," ती म्हणाली, "तुमच्या बाजूलेच बसला हाये."

बाई पेन उघडून थांबल्या होत्या.


सरांनी भाषांतर केलं, "भाऊ आता हयात नाही."