दोन नावांचं घर

आमा, म्हणजे माझी आजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. आम्हा चिनी लोकांच्या रीतीप्रमाणे तिच्यासाठी जाळायचं कागदी घर घ्यायला काका आणि मी गेलो. घर कागदाचं असलं तरी तिकडे परलोकात तिला त्यातच राहायचं होतं.

दुकानदाराने पाटी लिहायला ब्रश उचलला. "नाव नीट सांगा. चुकलं तर घर भलत्याच्याच ताब्यात जायचं."

"लिम स्यू हून," काका म्हणाले.

"काका, ते आमाचं नाव नव्हेच," मी म्हणाले. "मला सांगितलं होतं तिने. ते तिच्या मैत्रिणीचं. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी ती धक्क्यावर रडत बसली, बोटीत चढेना. मग तिचे कागद घेऊन आमा चढली. आमाचं खरं नाव खू गेक लान."

काका माझ्याकडे बघतच राहिले. सतराव्या वर्षी एकटीने समुद्र ओलांडलेली, युद्धात कोंबडी काखेत धरून तीन महिने रानात लपलेली, साठीत लॉरी चालवायला शिकलेली आपली आई, आणि तिचं नाव आज कळत होतं.

"आणि ती मैत्रीण?"

"गावातच म्हातारी होऊन वारली. 'सगळं बघून आले की सांगते,' असं आमा तिला म्हणाली होती. परत जाणं झालंच नाही."

काकांनी डोळे पुसले. "दोन्ही नावं लिहा."

दुकानदाराने लिहिली. मग फळीवरून कागदाची आणखी एक खुर्ची काढून घरातल्या एकुलत्या खुर्चीसमोर चिकटवली.

"चौऱ्याहत्तर वर्षांचं सांगायचंय," तो म्हणाला, "उभ्याने कसं होईल?"