ओला चमचा

फज सपशेल बिघडलं. इतकं, की ट्रेमधून काढायला छिन्नी-हातोडी लागली.

असो. असं अजून काही झालेलंच नाही. सकाळचे अकरा वाजलेत, फज अजून व्हायचंय आणि ते नेमकं कुठे बिघडवावं याचा विचार करत लेक ओट्यापाशी उभी आहे.

बिघडवणं सोपं नव्हतं. आईचं हे फज म्हणजे तीन मजली साधी गोष्ट. खाली चॉकलेट, मध्ये कॅरॅमल आणि भाजलेले अक्रोड, वर पुन्हा चॉकलेट. चुकायला जागा मोजक्याच, आणि त्या प्रत्येक जागेवर आईची एकेक शिवी वर्षानुवर्षं राखीव. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत. मग एका सकाळी आई लेकीला म्हणाली, "या ना, बसा." तेव्हापासून लेकीला घरात भलताच मान मिळतोय. आधीच्या त्रेचाळीस वर्षांत मिळून मिळाला नव्हता एवढा.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या ओळखीच्या गोष्टी त्यांच्यासमोर करत राहा. आईच्या सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे लेकीची चूक. म्हणून लेकीने रजा टाकली, आईची खुर्ची ओट्याकडे तोंड करून मांडली आणि गुन्ह्याला हात घातला.

वितळत्या चॉकलेटात तिने नळाखालचा चमचा तसाच घातला, निथळता. चॉकलेट आखडलं, त्याचा रवाळ गोळा झाला. एरवी इथे "अगं ओला चमचा! पुसायला काय हात झडले होते?" असं यायचं, तेही दोन घरं सोडून ऐकू जाईल अशा आवाजात.

आई वाकून बघत होती. लेकीने चमचा तिला दिसेल असा धरला.

"असू द्या हो," आई म्हणाली. "नवीन असताना होतं असं."

ट्रेला लोणी न लावताच लेकीने तो गोळा थापला. "तुमच्याकडे अशी पद्धत का? बरं आहे." अक्रोड कच्चेच घेतले. "छान." मग साखर करपवली आणि खालचा थर निवायची वाट न बघता ते काळं, कढत कॅरॅमल त्यावर ओतलं. वर दुसऱ्या भांड्यात वितळवलेलं चॉकलेटही लगेच ओतलं. तिन्ही मजले एकमेकांत कोसळले. धुराने खोकत आई म्हणाली, "किती मेहनत घेता हो तुम्ही."

तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा लांब राहतो, पंधरा दिवसांतून एकदा फोन करतो. लेकीने स्पीकर लावून फोन आईच्या हातात दिला.

"अरे गाढवा!" आईचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "आज सवड झाली होय? जेवलास का?"

लेक ओटा पुसत राहिली. तिने तिन्ही थर बिघडवले होते. दादाला फक्त नंबर लावावा लागला.

"जेवलो गं. घरी कोण आहे तुझ्याजवळ?"

"एक बाई आल्यात. स्वभावाने चांगल्या आहेत. काहीतरी गोड करतायत." आईने फोन तोंडाशी नेला आणि आवाज खाली आणला, तोही स्पीकरवर नीट ऐकू आला. "येत नाही रे त्यांना. ओला चमचा घातला चॉकलेटात! मी काय आंधळी आहे? पण परक्या माणसाला कसं बोलायचं? तुझी बहीण कुठे उलथलीये बघ जरा. ती गधडी असती ना, चांगली झापली असती."

पलीकडे दादाला एकदम एक मीटिंग आठवली. त्याने फोन ठेवला.

लेकीने गॅस बंद केला आणि ती खुर्चीपाशी फरशीवर बसली. "आई," ती म्हणाली, "मीच ती गधडी."

"छे छे!" आई कळवळली. "स्वतःला असं म्हणू नये. चांगल्या घरच्या दिसता तुम्ही. तुमच्या आईने ऐकलं तर काय वाटेल तिला?"

लेक रडली. नीटनेटकं नाही, नाकातून, हुंदके अडकत. आईने तिला रडू दिलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे आईची एकतीस वर्षं गेली होती. खिडकीपलीकडे रडणारी माणसं तिने रोज पाहिली होती आणि त्यांना काय सांगायचं ते तिला अजून तोंडपाठ होतं.

"रडू नका," ती हळूच म्हणाली. "तोंडी कुणी ऐकत नाही हो इथे. काय असेल ते लेखी द्या. मी पुढे पाठवते."

लेकीने नाक पुसलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, खाली सही केली आणि ते दोन्ही हातांनी पुढे केलं. आईने चष्मा चढवला, ओळीखाली बोट धरलं आणि खिडकीतल्या सवयीने मोठ्याने वाचायला घेतलं:

"विषय: एकेरी संबोधन पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदया, अर्जदार ही आपली सख्खी मुलगी असून गेल्या आठ महिन्यांपासून तिला विनाकारण मान देण्यात येत आहे. तरी सदर मान तात्काळ काढून घेऊन अर्जदारास पुन्हा 'अगं' म्हणण्यात यावे, ही नम्र विनंती."